भिंतीवर घसरलेलं अक्षर

संतराम पेंटरची उमेदीची वर्षं अक्षर शिकण्यात गेली. हिंगोलीत जलालुद्दीन उस्तादांच्या हाताखाली त्यानं आधी नुसते ब्रश धुतले, मग रेघा मारल्या, मग कुठं काना-मात्रा काढायची परवानगी मिळाली. हातात कला नसली तरी चालतं, मोजमाप पाहिजे, असं उस्ताद सांगायचे. संतरामनं ते मनावर घेतलं. निळीची दोरी मारून आखणी केल्याशिवाय त्यानं कधी भिंतीला रंग लावला नाही.

त्याची बायको रुख्मिणी शिरड शहापूरची. ब्रश तिनं कधी हातात धरला नव्हता. सत्त्याण्णव साली कनेरगाव नाक्यावर हिरासिंगच्या ढाब्याचं काम निघालं. रंग कालवायला माणूस मिळेना, म्हणून संतराम तिलाच घेऊन गेला. दुपारी टर्पेंटाइन संपलं. ते आणायला तो हिंगोलीला गेला आणि परत येऊन बघतो तर हिनं लिहायला घेतलेलं. आखणी नाही, काही नाही. गुबगुबीत, मोकळी अक्षरं. बघतच राहावी अशी. पण 'जगदंबा भोजना' एवढ्यातच भिंत संपली होती.

संतरामला मनातून बरंच वाटलं.

"आता 'लय' कुठं लिहितीस?"

तिनं जरा विचार केला. 'ना'च्या खाली 'ल' काढला, त्याच्या खाली 'य'. दोन्ही अक्षरं मांडी घालून जेवायला बसल्यासारखी दिसायला लागली. संतरामनं पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात हिरासिंग आला.

"राहू द्या पेंटर," तो म्हणाला. "असं कुणाकडंच न्हाई."

परतताना एसटीत संतरामनं तिला विचारलं, हे कसं जमलं. तिला सांगता येईना. हात गेला तिकडं जाऊ दिला, एवढंच म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, आणि त्याचाच त्याला संताप आला. घरी त्यानं पत्रा पुढ्यात ठेवून तिला लिहायला बसवलं. तिनं दोन अक्षरं काढली आणि स्वयंपाक राहिलाय म्हणून उठून गेली. तिला त्यात गोडीच नव्हती.

पुढं वाशिम रोडवरच्या पुंजाजीनं ढाब्याच्या भिंतीसारखंच लिहून मागितलं. रुख्मिणी तेव्हा शेतातली हळद काढायला माहेरी गेली होती. संतरामनं टेप घेऊन हिरासिंगची भिंत मापली, एकेक वळण कागदावर उतरवलं आणि त्याच बेतानं 'पुंजाजी पंक्चरवाले' लिहिलं. 'वाले' हिशेबानं खाली उतरवलं.

पुंजाजी बराच वेळ बघत उभा राहिला.

"शेवटाला काहून घसरलं? पुढं तर समदी भिंत मोकळीच हाय."

संतरामनं त्यावर चुना फिरवला, वाळेपर्यंत बिड्या ओढत बसला, मग दोरी मारून सगळं एका ओळीत लिहिलं. पुंजाजी म्हणाला, हे बराबर झालं.

माहेराहून आल्यावर रुख्मिणीनं पुंजाजीच्या भिंतीचं विचारलं. सरळ लिहिलं, असं त्यानं सांगितलं.

"सरळच चांगलं," ती कणीक मळता मळता म्हणाली. "माजी तर जागा चुकली म्हणून तसं झालं होतं."

तिनं थोडी फुशारकी मारली असती, तरी त्याला भांडायला काही सापडलं असतं. तो चपला घालून बाहेर पडला.