तोंड झुंबरबाईचं

"ह्यो आवाज कुणाचा?" झुंबरबाई थिएटरात एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की पुढच्या दोन रांगांनी मागं वळून पाहिलं.

पडद्यावर तीच होती. तिचंच लुगडं, तिचंच कपाळ, शवागाराची चौकट धरलेला तिचाच हात. पण तोंडातून कुणा शिकल्यासवरल्या बाईचा आवाज येत होता, "इन्स्पेक्टर, मला न्याय हवा आहे!" ओठ मिटले तरी आवाज चालूच.

एका खुनाभोवती चार माणसांच्या गोष्टी गुंफलेला तो पिक्चर. इन्स्पेक्टर, बिल्डर आणि रिक्षावाला, तिघं मुंबईचे नट. मेलेल्या पोराची आई मात्र 'खरी बाई' पाहिजे होती. म्हणून कोल्हापुरात शूटिंगला माणसं पुरवणाऱ्या वीरेशनं दवाखान्यात आया असलेल्या झुंबरबाईला नेलं. बावीस वर्षं तिनं शवागाराच्या दारात पोर गेलेल्या बायकांना सावरलं होतं.

डायरेक्टर म्हणाला, सुचेल ते बोला. ती बोलली ते हातकणंगल्याच्या एका बाईचं बोलणं होतं. अपघातात गेलेल्या पोराकडं बघून ती बाई म्हणाली होती, "सायेब, त्याला थंडी सोसत न्हाय. पांघरूण घाला की." इतकी वर्षं झुंबरबाईनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. जपून ठेवलेलं तिनं या लोकांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते खरकटं पुसावं तसं पुसून टाकलं. संताप येणार नाही तर काय होणार?

इंटरव्हलला तिनं वीरेशला चहाच्या गाड्यापाशी गाठलं.

"व्हय रं, माजं बोलणं कुटं गेलं?"

"डबिंग केलंय, मावशी. तुमची भाषा लोकास्नी कळंना म्हनं."

"कुणाला कळंना? आया न्हाईत व्हय त्यास्नी?"

"आता तापू नका की. फुडच्या पिक्चरला मुक्या बाईचा रोल हाय, तुमचंच नाव दिलंय. डबिंगची भानगडच न्हाय."

मेल्याला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. झुंबरबाईच्या ओठावर अस्सल शिवी आली, पण तेवढ्यात घंटा झाली आणि तो आत पळाला.

तिला निघून जायचं होतं. पण शेवटी कोर्टाच्या पायरीवर चारही गोष्टी एकत्र येत होत्या आणि तिथं तिचा आणखी एक सीन होता. त्यात बोलायचं नव्हतं, नुसतं रडायचं होतं. रडायला कसली आलीय भाषा? तेवढं तरी ठेवलं असेल म्हणून ती दारातच उभी राहिली.

सीन आला. पडद्यावर तिनं छाती बडवून घेत तोंड उघडलं, आणि नाजूक, सुरात बसवलेले हुंदके ऐकू आले.

थिएटर हळहळलं. दारावरचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "काय रडलाय हो मावशी तुमी!"

"त्ये रडणं माजं न्हाय, पावणं," झुंबरबाई म्हणाली आणि पदर खोचून बाहेर पडली. चार वाजता तिची ड्यूटी होती.