बारा वर्षांचं सोवळं

"मॅम, रेशीम म्हणजे किड्याची थुंकी असते की शी?"

अकरावीच्या इतिहासाच्या वर्गात इतकी शांतता कधी पसरली नव्हती. चैत्राली हात वर करून उभीच होती आणि मागे अवनी नि ब्रियाना हसू दाबायला स्वतःच्या बाह्या चावत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. पाहुण्या बाईंना हा प्रश्न सगळ्यांदेखत, अजिबात न हसता विचारायचा. जिंकली तर आठवडाभर बबल टी. मागच्या वर्षीची चैत्राली असल्या पैजेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. तेव्हा ती हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'हिअर' म्हणायची की दोनदा चक्क गैरहजर लागली होती. पण जानेवारीत ड्रामा क्लबमध्ये दुसरं कोणी मिळेना म्हणून तिला राणी केलं, आणि त्या सिंहासनावरून बाईसाहेब अजून खाली उतरल्या नव्हत्या.

पाहुण्या बाई म्हणजे विजयालक्ष्मी मॅम. टोरांटोतल्या एका छोट्या वस्त्रसंग्रहालयात त्या जुनी कापडं सांभाळायच्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"थुंकी," त्या म्हणाल्या. "म्हणजे थुंकीच्याच ग्रंथी, फक्त फार मोठ्या झालेल्या. आणि गंमत सांगू? दोन हजार वर्षांपूर्वी तू हा प्रश्न रोममध्ये विचारला असतास, तर अख्ख्या शहरात एकालाही उत्तर आलं नसतं."

वर्गात हशा उसळला आणि मॅमनी तो वाया जाऊ दिला नाही. चीनमधून निघालेलं रेशीम एकाच माणसाने शेवटपर्यंत नेलं असं सहसा व्हायचंच नाही, त्या सांगू लागल्या. एकाने वाळवंटाच्या कडेपर्यंत आणायचं, दुसऱ्याने उंटावर लादायचं, तिसऱ्याने इराणात विकायचं, चौथ्याने जहाजावर चढवायचं. प्रत्येकाला ठाऊक काय, तर आपल्या आधीचा हात! मग रोमन लोक ते मिरवायचे आणि छातीठोकपणे सांगायचे, की हे झाडाच्या पानांवर उगवतं, पानं विंचरून काढतात.

"आणि त्याच्याही आधी?" चैत्रालीने विचारलं. हा प्रश्न पैजेतला नव्हता.

"त्याच्याही आधी फार धूसर आहे सगळं. तुझं गाव कुठलं?"

"बाबाचं श्रीरामपूर."

"मग नेवासं तुम्हाला जवळच. तिथे उत्खननात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, एका लहान मुलाच्या गळ्यातली. तीन हजार वर्षांहून जुनी. आणि ज्या दोऱ्यात मणी ओवले होते, त्यात रेशीम होतं."

चैत्रालीचं तोंड उघडंच राहिलं. नेवासा फाटा म्हणजे तिच्या लेखी बाबाने गाडी थांबवून मिसळ खायची जागा!

"तो दोरा आला कुठून?"

"रानातल्या किड्याचा असेल, हातोहात लांबून आला असेल. नक्की कोणालाच माहीत नाही," मॅम हसल्या. "म्हणून तर माझी नोकरी टिकून आहे."

जाता जाता त्यांनी सांगितलं, की संग्रहालयात उन्हाळ्याचे सहा आठवडे काम करायला एक विद्यार्थी हवाय. एकच. पुढच्या आठवड्यात, शनिवारी, घरातली एक वस्तू घेऊन इथे शाळेत यायचं आणि ती आपल्यापर्यंत कशी पोचली ते पाच मिनिटांत सांगायचं. "पण खरी गोष्ट हं. सजवलेली मला लगेच कळते."

घरी जाताना चैत्रालीचे पाय जमिनीला लागत नव्हते. ती जागा तिला हवी होती. बबल टीपेक्षा, लायसन्सपेक्षा, कशाहीपेक्षा. आणि वस्तू तर घरात तयारच होती: आबांचा मुकटा!

हा मुकटा म्हणजे लालभडक रेशमी सोवळं. आजोबांनी येवल्याहून आणलेला, बाबाबरोबर विमानाने इथे कॅनडात, व्हिटबीला आलेला. वर्षभर मलमलीत गुंडाळून बॅगेत झोपायचा आणि गणपतीला बाहेर यायचा. आई एरवी ऑफिसात पन्नास इंजिनियर सांभाळणारी बाई, पण बाबाने मुकटा नेसला की तिच्या अंगात काहीतरी संचारायचं. "लांब! लांब व्हा सगळे! सोवळ्यात आहे तो!" गेल्या वर्षी शेजारच्या ऋषीने, वय वर्षं तीन, बाबाच्या पायाला मिठी मारली. बाबाला परत आंघोळ करावी लागली, आरती पाऊण तास थांबली आणि चाळीस पाहुण्यांनी गार मोदक खाल्ले.

"मुकटा?" रविवारी सकाळी बाबा म्हणाला. त्याचा चहा कपातच राहिला. "शाळेत? नको गं चैतू. आईची पैठणी ने ना. किती मस्त आहे, मोर वगैरे."

"पैठणीची गोष्ट काय, तर लग्नात घेतली. संपली! मुकट्याला गोष्ट आहे, बाबा."

"हो, ती आहेच," बाबा पुटपुटला.

आई ग्रोसरीला गेली होती. चैत्रालीने मुकट्याच्या कडेचा एक धागा हळूच ओढून काढला. मॅमनी वर्गात सांगितलं होतं, रेशीम जाळलं की जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हे शनिवारी करून दाखवायचं, टाळ्याच टाळ्या! तिने सिंकवर धागा चिमट्यात धरला आणि काडी लावली.

धागा आक्रसला, ठिबकला, त्याची टणक काळी गोळी झाली. वास आला तो जळक्या प्लॅस्टिकचा. तिने दुसरा धागा ओढला, तिसरा ओढला, मग एकदम पाच. तेवढ्यात स्मोक अलार्मने घर डोक्यावर घेतलं. बाबा धावत आला आणि किचन टॉवेल गरागरा फिरवत अलार्मखाली उड्या मारू लागला.

"बाबा! आबांना फसवलं कोणीतरी! हे पॉलिएस्टर आहे!"

"काहीतरीच काय! पॉलिएस्टर कसं असेल? मी स्वतः नीट बघून..." बाबा उडीच्या मधोमध थांबला. अलार्मही नेमका तेव्हाच बंद पडला.

"स्वतः? तू?"

बाबा खाली फरशीवरच बसला. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी, व्हिटबीतल्या पहिल्याच हिवाळ्यात, ते एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. आई नव्या नोकरीच्या ट्रेनिंगला गेलेली. बाबाला वाटलं, ती यायच्या आत कपडे धुऊन टाकू. मशीन नवीन, बटणं अनोळखी. गरम पाणी सोडलं, वर ब्लीच ओतलं, मग ड्रायर. कपड्यांत मुकटाही गेला होता, बाहेर आली ती त्याची लालसर चाळण.

"मग टोरांटोला एका दुकानात गेलो. तो म्हणाला, प्युअर सिल्क है भाईसाब, एकदम प्युअर. आपण घेतला. तुझी आई काही बोलली नाही, उलट म्हणाली, बघ, आबांच्या मुकट्याची झळाळी अजून कशी आहे!"

आधी बाबाच्या नाकातून फस्सकन हवा सुटली. मग चैत्राली. मग दोघं फरशीवर आडवे होऊन इतके हसले, की बाबाला उचकी लागली. बारा वर्षं पॉलिएस्टरचं सोवळं! बारा वर्षं "लांब व्हा"! गार मोदक!

"आणि ती चाळण?" डोळे पुसत तिने विचारलं.

बाबा उठून गॅरेजमध्ये गेला, विंटर टायर्सच्या मागून एक पुठ्ठ्याचा डबा काढून घेऊन आला. आत आबांचा मुकटा होता, खडखडीत, भोकाभोकांचा.

"टाकवेना गं," तो म्हणाला. "आबांनी स्टेशनवर हातात दिला होता मला."

तिने त्याचा अगदी इवलासा धागा जाळला. स्वयंपाकघरभर केस जळाल्याचा वास सुटला. राख बोटावर चुरली.

"आईला सांगू नकोस हां," बाबा हळूच म्हणाला. "आणि शनिवारी तूही आपली जुनीच गोष्ट सांग. येवला, आबा, विमान. कोणाला कळणार आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली. बाबाचा चेहरा बघून दुसरं काय करणार?

पण जुनी गोष्ट जिभेवर चढेना. सोमवारी आरशासमोर केली, भाषणस्पर्धेसारखी वाटली. बुधवारी लंचला मैत्रिणींना ऐकवली, तर ब्रियाना सरळ फोन बघायला लागली. "चै, खूप छान आहे," अवनी म्हणाली. "म्हणजे, झोप छान लागेल."

"मग दुसरी ऐका. पण शपथ, बाहेर जाता कामा नये."

तिने वॉशिंग मशीनपासून सुरुवात केली. स्मोक अलार्मपर्यंत पोचेस्तोवर अवनीच्या नाकातून चॉकलेट मिल्क आलं होतं. पुठ्ठ्याच्या डब्यापाशी मात्र ब्रियानाने फोन पालथा ठेवला.

"तुझे बाबा म्हणजे सेम ते रोमन," ब्रियाना म्हणाली. "नेसायचं, मिरवायचं, आणि कशाचं आहे याचा पत्ताच नाही."

चैत्राली सँडविच तसंच ठेवून उभी राहिली. रोमन! हीच तर मॅमची गोष्ट! येवल्याहून आबा, आबांकडून बाबा, दुकानदाराकडून बाबा, बाबाकडून आई. प्रत्येकाला फक्त आधीचा हात माहीत. मुकट्याची खरी वाट बेसमेंटमधून जात होती, आणि ती वगळली तर सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं. पण ती सांगायची, तर बाबा अडकत होता. गुरुवार सगळा तिने याच घोळात घालवला.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला आमटी होती. आईने आत्तापासून गणपतीचे बेत मांडायला घेतले होते. "या वर्षी दारातच बोर्ड लावते, सोवळ्यात शिवू नये. ऋषीच्या आईला आधीच सांगून ठेव, हेम," ती बाबाला म्हणाली.

बाबा भातात विहीर करत होता. आमटी कधीच संपली होती, विहीर मात्र खोल खोल चालली होती.

चैत्राली खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"बस खाली," आई म्हणाली. "पानावरून उठू नये."

"आई, मला उभं राहूनच सांगायचंय. बाबा, सॉरी. तू मला आईसमोर गप्प राहायला सांगितलंस आणि मी पाच दिवस राहिले, पण आता होत नाही."

"चैतू," बाबा म्हणाला.

"काय चाललंय तुमचं दोघांचं?" आईची नजर एकावरून दुसऱ्यावर गेली.

चैत्रालीने दीर्घ श्वास घेतला. राणीचा आवाज काढायची तिला गरजच पडली नाही, स्वतःचाच पुरला.

"माझं ठरलंय. उद्या मी मुकटा घेऊन जाणार आहे आणि त्याची खरी गोष्ट सांगणार आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जागा मिळाली तर मिळाली, नाही तर नाही. तुम्ही दोघंही येणार आहात, पहिल्या रांगेत बसायला. पण आईला ती तिथे पहिल्यांदा कळता कामा नये. म्हणून, बाबा, आत्ता ती तू सांगणार आहेस. तुझं बोलून होईपर्यंत मी इथेच, तुझ्या शेजारी उभी आहे."