ताईचे सहा शब्द

चष्म्याच्या दुकानात जागा इतकी अपुरी होती की डोळे तपासायचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगला होता आणि समोरच्या आरशात बघून वाचावा लागे. त्यासाठी त्यावरची अक्षरं उलटी छापलेली. दुकान चालवणारा धाकटा भाऊ अकरा वर्षांत उलटी अक्षरं सुलट्याइतकीच सहज वाचू लागला होता. त्याच्या थोरल्या बहिणीच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

ताई इस्पितळात चादरी शिवायची. स्वतःची दोन मशीनं घ्यायची म्हणून साठवलेले पैसे तिने भावाच्या भरवशावर क्रिप्टोत घातले. त्यात त्याचेही होते. भाव वर-खाली होणारच, म्हणून तयारी त्याने आधीच केली.

"भाव कोसळला की माणसाचं डोकं फिरतं," तो म्हणाला. "एकट्याच्या हातात किल्ली नको."

"डोकं फिरणार ते माझं, असंच ना?"

"बस दोन मिनिटं उशिरा आली तर रडकुंडीला येतेस तू."

"आणि इंजेक्शन घेताना कोणाचा हात धरावा लागतो रे?"

हे पैसे ठेवलेलं फोनमधलं वॉलेट उघडायला बारा इंग्रजी शब्द लागत. पहिले सहा त्याने उतरवून घेतले. पुढचे सहा ताईने लिहायचे आणि वॉलेट फोनमधून काढून टाकायचं, असं ठरलं. काहीही झालं तरी दोन दिवस थांबायचं, मग दोघांनी एकत्र बसून काय ते करायचं.

"तोंड फिरव," ताई म्हणाली.

त्याने फिरवलं. समोर आरसा होता. आरशात काउंटर, काउंटरवर ताईचा कागद. तिने कागद हरवला तर, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि सहाही शब्द वाचले.

मंगळवारी अकरा वाजता भाव घसरायला लागला. साडेबारापर्यंत एक तृतीयांश गेला. एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू बसवताना त्याच्या हातून तीनदा निसटला. "जरा थांबता का?" म्हणून तो काउंटरमागच्या आडोशाला गेला. बारा शब्द टाकले, सगळं विकलं, परत येऊन स्क्रू बसवला. या वेळी पहिल्याच खेपेला बसला.

एक वाजता ताईचा फोन आला.

"घाबरलास का?"

"छे!"

"मी एकच चादर दोनदा उसवून शिवली. पण नियम म्हणजे नियम. हो ना?"

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

गुरुवारी भाव होता तिथे आला आणि वर गेला. संध्याकाळी कामावरून सुटून ताई थेट दुकानात आली. पर्सच्या अस्तराची शिवण तिने तिथल्याच कात्रीने उसवली आणि कागद बाहेर काढला.

"दोन दिवस हात लावला नाही मी याला. आता म्हण रडकुंडी. वॉलेट उघड, आकडा बघू दे तरी."

त्याने आपले सहा टाकले. मुद्दाम सावकाश.

"फोन आण इकडे. तोंड फिरव."

तो वळला. आरशात ताई चष्मा कपाळावर सरकवून कागदाची घडी उलगडत होती. त्याने डोळे मिटून घेतले.

"ताई, राहू दे."

"का रे?"

"लेमन," तो म्हणाला. "टनेल. ब्लँकेट." पुढचे तीनही म्हटले. एकही चुकला नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा आरशातून ती त्याच्याकडेच पाहत होती. मग तिची नजर उलट्या तक्त्यावर गेली आणि तिथून तिच्या हातातल्या कागदावर आली.

"विकलंस?"

"हो."

"कधी?"

"मंगळवारी."

आता ती पैशांचं विचारेल, म्हणून तो आकडा जुळवून तयार होता.

"माझ्या फोनच्या आधी की नंतर?" ताईने विचारलं.

"आधी."

तिने कागदाची पहिल्यासारखीच घडी केली, उसवलेल्या अस्तरात सारली आणि पर्स काखेला लावली. कात्री जागच्या जागी ठेवली. भाऊ आरशाकडे तोंड करून तसाच उभा राहिला. वळायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.