मी उमटवलेला समुद्र

मी एक टाइपरायटर बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं, आता चार शब्द स्वतःचे बोलावेत असं वाटतंय. लोखंडी देह आहे, सवयीने थोडा खडखडतो, तेवढं सांभाळून घ्या.

दुकानात मी बरेच दिवस काचेच्या कपाटात होतो. गिऱ्हाईक आलं की मला बाहेर काढायचे आणि प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव टाइप करून बघायचा. माणसाला आपल्या नावाची भारी हौस. एक तरुण मात्र आला आणि त्याने टाइप केलं 'समुद्र'. त्यातलं जोडाक्षर स्वच्छ उमटलं म्हणून खूश झाला आणि मला बगलेत मारून घरी घेऊन गेला. तेव्हा तो लेखक नव्हता, होणार होता.

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून दोन गोदामांच्या मधे वीतभर समुद्र दिसायचा. त्या वीतभर समुद्रावर त्याने पुढे सहा कादंबऱ्या लिहिल्या. होडीत मात्र कधी बसला नाही. एकदा धक्क्याला बांधलेल्या होडीत नुसता पाय ठेवला, तर घरी येऊन दिवसभर आडवा पडला होता.

त्याला टाइप करता येत नव्हतं. ते काम त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं. तिचा नवरा मासेमारीच्या होडीवर होता. तो समुद्रात गेला तो परत आलाच नाही, आणि ताई तीन वर्षांच्या लेकीला घेऊन भावाकडे राहायला आली. दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, की ती माझ्यापुढे बसायची. हात पुसून, बांगड्या मागे सारून. तिच्या बोटांसारखी बोटं मला पुन्हा भेटली नाहीत. न बघता टाइप करायची आणि कधीही कुठल्याही खटक्यावर राग काढला नाही.

लेखक हात मागे बांधून फेऱ्या मारत सांगायचा. "लिही ताई. समुद्र भुकेला होता." मग भीषण. मग भयाण. मग आ वासून टपलेला. माझा 'भ' बाकीच्या अक्षरांच्या आधी झिजला यात नवल नाही. वाचकांना हा समुद्र फार आवडायचा. पत्रं यायची, 'वाचताना अंगावर काटा आला.' लेखक ती ताईला मोठ्याने वाचून दाखवायचा. ती म्हणायची, "छान. चहा घेतोस का?"

ताईची एक रीत होती. भावाचा शब्द तिने कधी बदलला नाही, पण एखादा पटला नाही तर तिचे हात थांबायचे. तो वळून विचारायचा, "काय झालं?"

"काही नाही. रिबन अडकली."

आता मी शपथेवर सांगतो, माझी रिबन अडकलेली नसायची. पण बदनामी माझी व्हायची. लेखकाने तीनदा कारागीर बोलावला. त्या बिचाऱ्याने मला उलटं केलं, सुलटं केलं, तेल पाजलं आणि म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे." लेखकाला तो अडाणी वाटला. ताई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग यायचा, पण खरं सांगू? त्या दिवसांची आठवण आली की आजही माझ्या स्प्रिंगा सैल पडतात. ती दुपार, तो कार्बनचा वास, भावाच्या चपलांचा आवाज, आणि मधेच माझ्यावर घेतलेला खोटा आळ.

मग सातवी कादंबरी आली. ती ताईच्या नवऱ्यावर होती. भावाने ती मनापासून लिहायला घेतली होती, मेहुण्यावर त्याचा जीव होता. ताईने नाही म्हटलं नाही. रोज चार पानं व्हायची.

त्याच आठवड्यात ताईची लेक शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. सगळा वर्ग समुद्रावर जाणार होता आणि ही अकरा वर्षांची पोर जायला तयार नव्हती. ताईने विचारलं, "का गं?"

"त्याने बाबांना खाल्लं ना."

"कोणी सांगितलं तुला?"

"मामाच्या सगळ्या पुस्तकांत आहे. तो माणसं खातो."

ताईने चिठ्ठी घडी करून माझ्या झाकणाखाली ठेवली आणि भाजी चिरायला गेली. बराच वेळ एकच कांदा चिरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेखक सांगत होता आणि ताई टाइप करत होती. तो खिडकीपाशी थांबला. "लिही. आणि त्या क्रूर समुद्राने त्याला गिळलं."

हात थांबले.

तो न वळताच म्हणाला, "रिबन?"

"नाही रे छोटू. रिबन कधीच अडकली नव्हती." चाळिशीच्या, सभांमधून हार घेणाऱ्या त्या माणसाला ती घरात छोटूच म्हणायची.

"मग?"

"त्या दिवशी समुद्र क्रूर नव्हता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पाणी इतकं शांत होतं की पलीकडच्या होड्या मोजता आल्या असत्या."

"अगं, मी आलो तेव्हा केवढ्या लाटा होत्या."

"तू चार दिवसांनी आलास. वारा नंतर सुटला." ती माझ्याकडे बघत बोलत होती. "होडीच्या तळाची फळी कुजली होती. ह्यांचं बोट आत जात होतं. आठ दिवस आधी ह्यांनी मालकाला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, हंगाम संपू दे, मग बदलू. मग मालकच भेटायला आला आणि दारातच म्हणाला, समुद्रापुढे कोणाचं चालतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू लिहायलाच लागलास."

लेखक खुर्चीवर बसला. मी त्याला इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षं तो समुद्राला शिव्या घालत होता आणि प्रत्येक शिवीबरोबर तो मालक सुटत होता, हे त्या दुपारी त्याला कळलं. मलाही कळलं. शेवटी उमटवलं तर मीच होतं ना.

मग खुर्ची माझ्याजवळ ओढून तो म्हणाला, "ऊठ. तू सांग, मी टाइप करतो."

दोन बोटांनी त्याने माझे जे हाल केले ते विचारू नका. माझे दांडे एकमेकांत गुंतायचे, तो ते सोडवायचा, कपाळावर शाई लावून घ्यायचा. ताई फेऱ्या मारत सांगत होती. पाणी स्थिर होतं. ऊन होतं. फळी सुटली. आत पाणी आलं. चार माणसं होती, एकाला पोहता येत होतं. तेवढा वाचला. मधेच ती रडली, आणि तो वाट बघत बसला. सबंध पुस्तकात समुद्राला एकही विशेषण नव्हतं. मी उमटवलेलं सर्वांत साधं पुस्तक ते, आणि मला सर्वांत जड गेलेलं.

ते फार चाललं नाही. वाचकांनी लिहिलं, 'पूर्वीचा समुद्र राहिला नाही.' लेखकाने ती पत्रंही मोठ्याने वाचून दाखवली. कच्ची पानं सर्वांत आधी भाचीने वाचली होती. वाचून तिने एकच विचारलं, "म्हणजे कोणी आधी बघितलं असतं तर?" ताई म्हणाली, "हो."

आता ते दोघंही नाहीत. आधी लेखक गेला, मग दोन वर्षांनी ताई. मी भाचीकडे आहे, बंदरावरच्या एका छोट्या कचेरीत. ती होड्या तपासते. वाकून, आडवं होऊन, अणकुचीदार सळईने एकेक फळी टोचून बघते. कचेरीत संगणक आहे, पण नाकारलेल्या होडीचा दाखला ती माझ्यावरच करते. लोक तिला हसतात. माझा काना तुटलाय, अनुस्वार कुठेही पडतो, नवी रिबन मिळत नाही. फार दिवस राहिले नाहीत हे मला ठाऊक आहे.

जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागणं. समुद्राला हवं ते म्हणा, निळा म्हणा, वेडा म्हणा, मला गंमतच वाटेल. पण त्यात माणूस बुडाला असेल, तर शब्द शोधण्याआधी कुणाला तरी विचारा, काय झालं होतं.

गेल्या आठवड्यात एक मालक वाद घालत होता. "बाई, इतकं काय त्यात? समुद्राच्या मनात असेल तसं होतं."

तिने कागद चढवला. माझ्यावर तिने दोन ओळी टाइप केल्या, 'तळाच्या दोन फळ्या कुजलेल्या. ही होडी पाण्यात उतरवू नये', आणि कागद त्याच्या हातात दिला. होडी किनाऱ्यावरच राहिली. तिच्यावरची पाच माणसं दिवसभर सावलीत बसून भाचीच्या नावाने खडे फोडत होती, आणि संध्याकाळ झाल्यावर पाचही जण आपापल्या घरी जेवायला गेले.