लोकर वेचणाऱ्यांच्या ओळीत

कातरणीच्या दिवसांत मेंढवाड्यात दोन ओळी बसत. एका कुडाला पाठ लावून पुरुष मेंढरं कातरत आणि समोरच्या कुडापाशी बायका लोकरीतले काटे वेचत. मधली चार पावलांची जागा कुणी आखून दिली नव्हती, पण ती ओलांडायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. त्या दिवशी सकाळी वाड्यावरच्या दोघा भावांतल्या धाकट्याचं पोर उठलं, हातातली कातर बापापुढं ठेवली आणि ती चार पावलं चालून आईशेजारी जाऊन बसलं. लोकर मांडीवर ओढून काटे वेचायला लागलं.

धाकट्याच्या गुडघ्यांत मेंढी होती. वीस वर्षांत त्याच्या कातरीनं कुठल्या मेंढीचं रक्त काढलं नव्हतं, ते आज निघालं.

पोर अठरा वर्षांचं. सगळा गाव त्याला मुलगा म्हणत आला आणि ते बोलायला लागल्यापासून सांगत आलं, मी मुलगी आहे. लहान होतं तोवर लोक हसले. पुढं धाकट्यानं पट्ट्यानं फोडून काढलं, एकदा सोडून दहादा. गेल्या साली पोरानं केस वाढवले, तेव्हा थोरल्या भावाच्या सांगण्यावरून धाकट्यानंच ते पोर झोपेत असताना कातरले. तिसऱ्या दिवशी पोराला विहिरीतून बाहेर काढावं लागलं. धाकट्याला अजून त्या विहिरीकडं बघवत नव्हतं. केस पुन्हा खांद्यापर्यंत आले होते आणि त्यांना हात लावायची त्याची छाती होत नव्हती.

थोरल्याचं तसं नव्हतं. कळप त्याचा, वाडा त्याचा, त्यामुळं माणसंही आपलीच असं तो धरून चालायचा.

"ऊठ तिथनं," तो म्हणाला.

"काम करतेय, काका. हात थांबला तर बोला."

एक बाई फिसकन हसली आणि लगेच खाली मान घालून बसली. थोरल्यानं काठी उचलली. पहिला तडाखा पोराच्या खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. आई मधे पडली. "भावजी, मरंल ते. पाया पडते तुमच्या." त्यानं तिला लाथेनं बाजूला सारलं. त्याच्या दोन्ही पोरांनी चुलतभावंडाचे हातपाय मेंढी बांधायच्या दोरीनं आवळले, केसांना धरून फरफटत आणलं आणि धाकट्यापुढं टाकलं.

"कातर," थोरला म्हणाला. "मुळापासनं. तुझा हात चांगला बसतो."

पोराचा एक डोळा मिटत चालला होता. ओठ फाटला होता. ते रडत नव्हतं, याचीच धाकट्याला जास्त भीती वाटली.

"आबा," ते हळूच म्हणालं, "कातरायचे तर कातरा. पण या वेळी विहिरीतनं काढू नका मला."

आपण मारलेला एकेक पट्टा धाकट्याला आठवला आणि स्वतःची किळस आली. त्यानं कातर उघडली, पोराच्या पायांची दोरी कापली, मग हातांची.

"डोकं फिरलंय का तुझं?" म्हणत थोरल्यानं काठी हाणली. धाकट्यानं उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज अख्ख्या वाड्यानं ऐकला. मेंढरं बिथरून कोपऱ्यात दाटली. धाकटा गुडघ्यावर आला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी त्यानं डावा हात पुढं धरला.

"हा राहिलाय. हा मोड, मग माझ्या पोरीकडं जा."

थोरल्यानं काठी उगारली, पण ती खाली येईना. दया आली म्हणून नव्हे. परवा लोकरीचा व्यापारी यायचा होता आणि थोरल्याच्या पोरांनी कातरलेली लोकर तो हातात धरत नसे; घ्यायचा ती धाकट्याच्या, नाहीतर त्यानं शिकवलेल्या पोराच्या हातची.

"आता राहिलेली मेंढरं काय आपला मेलेला बाप येऊन कातरणार?" तो ओरडला.

"मी कातरते," ती म्हणाली.

तिनं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. मोकळ्या केसांची गाठ मारली आणि बापाच्या जागेवर बसून कातर उचलली. "कुणी माझ्या केसांना हात लावला, तर ही खाली ठेवीन. मग तुम्ही आणि तुमची मेंढरं."

उन्हं कलेपर्यंत ती कातरत होती. दुखऱ्या खांद्यानं मेंढी वळवताना दात आवळायची, पण लोकर अंगावरून अख्खी उतरत होती. समोर आई धाकट्याचा हात फळीला बांधत होती. त्याला कळा असह्य होत होत्या आणि पोरीवरून नजर हलत नव्हती. इतकी वर्षं आपण कुणाला मारलं, असं तो बायकोला विचारू पाहत होता.

चाळीस मेंढरं झाल्यावर तिनं कातर थोरल्यापुढं ठेवली. उठली, दोरीनं काचलेल्या पायांनी लंगडत ती चार पावलं चालली आणि पुन्हा बायकांच्या ओळीत जाऊन बसली. शेजारणीनं सरकून जागा केली. मायेनं केली की भीतीनं, ते तिचं तिला ठाऊक. दुसरीनं लोकरीचा ढीग तिच्याकडं ढकलला.

थोरल्याचा हात काठीवर गेला. मग त्यानं वाड्यात नजर फिरवली. आत अजून साठ मेंढरं अंगावर लोकर घेऊन उभी होती. तो काठी टेकून तसाच उभा राहिला.