सरकत्या बटणांचा फोन

घशाच्या ऑपरेशनात टायपिस्टकाकांचा आवाज गेला, तेव्हापासून त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे मावशींचं, सगळं बोलणं त्या जुन्या सरकत्या फोनवर चालायचं. पडदा वर सरकवला की खालून बटणं निघायची. काका दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायचे आणि फोन मावशींपुढे धरायचे. उभा जन्म कचेरीत टायपिंग केलेला माणूस, बटणांकडे बघायचं कशाला? अंगठे खाली पळायचे आणि डोळे समोर, हातशिलाई करत बसलेल्या मावशींच्या तोंडावर. टोमणा येतोय की लाड, हे वाचायच्या आधीच मावशींना त्या डोळ्यांवरून कळायचं.

मग एकेक बटण मान टाकू लागलं. अर्धी अक्षरं उमटेनात. मावशी अंदाजाने शब्द पुरे करायच्या, चुकलं की काका पोट धरून हसायचे, आवाजाशिवाय. पण एके दुपारी काकांच्या छातीत कळ आली. घाम पुसत ते टाइप करत राहिले आणि मावशींना काही केल्या उमगेना. कळ अपचनाची निघाली, तरी मावशींनी धसका घेतला तो घेतलाच.

नवा फोन काकांना नको होता. म्हणून मावशी त्यांना मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुरुस्तीवालीने डोळ्याला भिंग लावून बघितलं. "मावशी, ही बटणं आता दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाहीत."

"मग पडद्यावर उमटव की, सगळ्यांच्या फोनवर असतात तशी."

"पडदा बोटाने चालतो खरा, पण खाली बटणं होती ना, म्हणून कंपनीने ती सोय दिलीच नाही. आतलं सॉफ्टवेअर बदलून मी घालू शकते."

काकांनी नको म्हणून मान हलवली.

"अहो, त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं! तुमचं काय, तुम्ही मुके राहून सुटलात." मावशी दुरुस्तीवालीकडे वळल्या. "घाल गं तू."

काकांनी मुकाट्याने फोन पुढे केला.

दुसऱ्या दिवशी फोन घरी आला. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात सगळी अक्षरं हजर. मावशी समोर बसल्या, काकांनी मान खाली घातली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'झालं समाधान?'

एकही अक्षर गळलं नव्हतं. पण हे रागाने म्हटलं की हसून, ते मावशींना कळेना.

"अहो, जरा वर बघा की."

पुन्हा मान खाली. 'वर बघितलं की चुकतं. काचेवर अंगठ्याला काही लागत नाही.'

मावशी पुन्हा दुकानात गेल्या. "जुनं होतं तसं करून दे."

"सॉफ्टवेअर जुनं घालीन हो," दुरुस्तीवाली हळूच म्हणाली, "मेलेली बटणं कुठून जिवंत करू?"

घरी येऊन मावशींनी आपली खुर्ची उचलली आणि काकांच्या शेजारी ठेवली. "समोर बसून तुमच्या टाळूशी किती बोलू?"

काकांनी लिहिलं, 'बस. आता माझ्या चुका लिहितानाच दिसतील.'

मावशी हसल्या. काकांचे अंगठे थांबले. पडदा आपोआप विझला. काळ्या काचेत दोघांचे चेहरे उमटले आणि त्यातून काका मावशींकडे बघत होते.

त्यांनी पडदा पुन्हा उजळवला नाही. मावशींनीही सुईत दोरा ओवला नाही.