मधेच वीज गेली तर

साडीच्या झोळीत संबोधी एकदाची झोपली, तशी रश्मीने झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि समोर पाटावर जुना, बॅटरी मेलेला, चार्जरवरच चालणारा लॅपटॉप उघडला. पायाने झोका, हाताने काम. इंद्रलोक वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत दुपारची ही वेळ तेवढी तिची होती, आणि तीही बाळाच्या मर्जीवर.

काम बिनपगारी. ठिकठिकाणची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात, ती कुणालाही फुकट वापरता येते. तिची नवी अपडेट बाहेर पडण्याआधी रश्मीसारखे काही जण ती आपापल्या मशीनवर चालवून बघतात. बाळंतपणात नोकरी सुटली. हे मात्र तिने सुटू दिलं नव्हतं.

या वेळची अपडेट पॅकेज मॅनेजरची होती. म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्राम आणणारा, बसवणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा जो प्रोग्राम, त्याचीच. विहिरीत बादली पडली तर गळ टाकून काढता येते. गळच विहिरीत पडला तर काय टाकणार?

फोन थरथरला. पूनम सागर वसाहतीत राहणारा कौस्तुभ. चाचणीचं सगळं तोच बघायचा.

"रश्मी, सगळ्यांचं झालं. तुझाच ओके राहिलाय. संध्याकाळी सोडायचीय."

"एक टेस्ट बाकी आहे," ती कुजबुजली. "अपडेट चालू असताना मधेच वीज जाते ती."

"ती मागच्या आठवड्यात केलीस ना? पास होती."

"त्यानंतर तुम्ही लोकांनी बदल केलात."

"अगं, दोन ओळींचा बदल. टाक ना यार ओके. मीपण पार गळून गेलोय आता."

ती टेस्ट रश्मीच्याच हट्टाने आली होती. त्याला कारण जवळच्या बुद्धविहाराची अभ्यासिका. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले लॅपटॉप तिथे होते, सगळ्यांच्या बॅटऱ्या मेलेल्या. त्यांवर ही सिस्टीम तिनेच बसवून दिली होती. पोरी त्यांच्यावर स्पर्धा परीक्षेचे सराव पेपर सोडवायच्या, आणि परीक्षा आता तोंडावर आली होती. अपडेट तिथे संध्याकाळी आपोआप यायची. आणि कुलूप लावताना तिथली देखरेख करणारे गुणवंतकाका, आत काय चालू आहे ते न बघता, मेन स्विच खाली पाडायचे. किती वेळा सांगितलं, तरी त्यांचं एकच. "आत माणूस नाही, मग लाईट कुणाला?"

तिथे गळ विहिरीत पडला, तर एकेक लॅपटॉप नव्याने उभा करायला बाळाला कडेवर घेऊन कोण जाणार, हेही तिला ठाऊक होतं. आणि तोवर पोरींनी काय करायचं?

तरी ती थकली होती. नुसती साधी अपडेट चालवून बघू आणि टाकू ओके, असं ठरवून तिने ती चालू केली. तेवढ्यात संबोधी कुरकुरली. रश्मी तिला आत घेऊन गेली, पाजता पाजता भिंतीला डोकं टेकलं आणि डोळाच लागला.

बाहेर आली तर लॅपटॉप बंद.

"ते भिंतीवरचं बटन मी बंद केलं बरं का," प्रभावती, तिच्या सासूबाई, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या. "कामून चालू ठेवतीस? काळंच दिसू लागलं ते, अन् चार्जर नुसता तापू लागला."

रश्मी पाटासमोर बसली. स्क्रीन आपली आपण काळी होते, आत काम चालूच असतं, हे परभणीहून आलेल्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं? तिने बटन दाबलं, लॅपटॉप सुरू केला. सिस्टीम उठली. पॅकेज मॅनेजर मात्र उठेना. अर्धा जुना, अर्धा नवा, मधेच मरून पडलेला. दुरुस्तीची कमांड दिली, पण दुरुस्त करणाराही तोच. तिने ती पुन्हा दिली. तेच.

"माझ्यामुळं बिघडलं का?"

"नाही आई. ते बिघडलेलंच होतं. तुमच्यामुळे कळलं."

"म्या तर निस्तं बटन बंद केलं, बाई."

एकदा बिघडलं म्हणून कुणी मानणार नव्हतं. सगळं पुसून, पेनड्राइव्हवरून जुनी सिस्टीम बसवून, पुन्हा अपडेट चालू करून पुन्हा वीज तोडायला हवी. संबोधी आता टक्क जागी होती आणि आजीच्या कानातलं ओढत होती. रश्मीने फोनकडे बघितलं. दोन अक्षरं लिहिली की झोपता आलं असतं. एक उसासा टाकून तिने पेनड्राइव्ह शोधायला घेतला.

ऊन गॅलरीतून उतरून गेलं तेव्हा कुठे अपडेट पुन्हा मध्यावर आली.

"आई, मी 'करा' म्हटलं की बटन बंद करायचं."

"मगाशी केलं तर तोंड पाडून बसलीस. अन् आता म्हणू लागलीस कर."

"करा."

नातीला खांद्यावर घेऊन सासूबाईंनी बटन बंद केलं. जरा थांबून रश्मीने लॅपटॉप पुन्हा चालू केला. तसंच. अर्धा जुना, अर्धा नवा.

तिने फोन लावला. "कौस्तुभ, थांबव. दोनदा करून बघितलं."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "म्हणजे त्या दोन ओळीच." टकटक थांबली. "बरं. कळवतो सगळ्यांना. दुरुस्त झाली की सगळं पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

आज गुणवंतकाका स्विच पाडतील आणि काही होणार नाही. पोरी उद्या येतील, पेपर सोडवतील. कुणाला काही कळणारही नाही.

"झालं का गं तुझं काम?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. थांबवलं."

"थांबवायला एवढी दुपार लागली?" त्यांनी संबोधीला तिच्या मांडीत दिलं, तशी पोरीने दोन्ही पंजे कीबोर्डवर आपटले. रश्मीने ते अडवले नाहीत. आता बिघडायचं काय राहिलं होतं? तिने त्या उबदार टाळूवर हनुवटी टेकली.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई वळल्या. "चटणीला मिक्सर लावू का? का त्यानंही तिकडं कायतरी थांबल?"